मिक्सरचा प्लग लावला की घर अंधारात

पत्र:

काका, नमस्कार. आम्ही चिपळूणजवळ राहतो. घर जुनं आहे, पण दोन वर्षांपूर्वी ओटा नवीन केला तेव्हा स्वयंपाकघरातलं वायरिंग आणि मेन बोर्डही बदलून घेतला. जूनच्या शेवटापासून विजेनं नुसता छळ मांडलाय. मिक्सरचा प्लग लावला, अजून बोर्डाचं बटणही दाबलेलं नाही, तोच अख्ख्या घराची लाइट जाते. तेही रोज नाही, कधीतरी. मिक्सर चाललाच तर घट्ट वाटण करताना मध्येच थांबतो आणि खालचं लाल बटण दाबावं लागतं. दिवाळीनंतर खोक्यात गेलेला ओव्हन परवा नानखटाईसाठी काढला, तर मिनिटभरात सगळं बंद. फ्रिज मधल्या खोलीत जुन्या बोर्डावर आहे, त्याच्या दाराला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. आमच्या यांनी टेस्टर आणलाय, तो फ्रिजला टेकवला की पेटतो. सासूबाई पाटावर उभ्या राहूनच मिक्सर लावतात. शेवटी वायरमनला बोलावलं. त्यानं मेन बोर्डातलं एक डबडं बायपास करून दिलं आणि म्हणाला, "पावसाळ्यात हे असं पडतच राहणार." तेव्हापासून लाइट गेलेली नाही, पण माझ्या मनातली धाकधूक जात नाही. मिक्सर आणि ओव्हन दोन्ही नवीन घ्यावेत का?

उत्तर:

ताई, नवीन काहीही घेऊ नका. आधी ते डबडं पुन्हा जोडून घ्या. उद्या-परवा नाही, आज. तोच वायरमन येत नसेल तर परवाना असलेला दुसरा बोलवा, पण ते काम घरच्या कुणी करू नका. तोपर्यंत मिक्सर आणि ओव्हन वापरायचे नाहीत. फ्रिजला हात लावायचा तर आधी त्याच्या बोर्डाचं बटण बंद करायचं, मग दार उघडायचं. कटकट आहे, पण दोन दिवसांची.

तुमच्याकडे झालंय ते असं, की चोर सोडून संन्याशाला सुळी दिली. त्या डबड्याला आरसीसीबी म्हणतात, जुनी माणसं ईएलसीबी म्हणतात. फेजमधून घरात जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढा एकच हिशोब ते सतत करत असतं. घरगुती डब्यात 30 मिलिअँपिअरची तूट आली की ते पडतं. नऊ वॉटच्या एलईडी दिव्यालासुद्धा याहून जास्त करंट लागतो. तूट आली याचा अर्थ तेवढा करंट भलत्या वाटेनं जमिनीत गेला. ती भलती वाट मिक्सरच्या पत्र्यातून अर्थिंगच्या वायरीची असेल, नाहीतर तुमच्या हातापायांची. त्याच्या शेजारची अरुंद बटणं म्हणजे एमसीबी, त्यांचं काम वेगळं. ती जास्त लोडला किंवा शॉर्ट सर्किटला पडतात आणि वायर जळण्यापासून वाचवतात. 16 अँपिअरच्या एमसीबीला 30 मिलिअँपिअर गेल्याचा पत्ताही लागत नाही. माणूस मरायला मात्र 16 अँपिअर लागत नाहीत.

म्हणून माझ्या दुकानात कुणी "लाइट जाते" म्हणत आलं की मी पहिला प्रश्न विचारायचो, कुठलं बटण पडलं? अरुंद एमसीबी, की टी लिहिलेलं रुंद डबडं? निम्मं निदान तिथंच व्हायचं. तुमच्याकडे रुंद पडत होतं, म्हणजे लोडचा प्रश्नच नाही. करंट कुठंतरी झिरपतोय.

आता तुमच्याच पत्रात एक मजा आहे बघा. ओट्याच्या बोर्डावर ओव्हन लावला की डबडं पडतं. फ्रिज हाताला झोंबतो, पण डबडं पडत नाही. का? ओट्यावरच्या बोर्डाचं अर्थिंग जिवंत आहे, ओव्हनमधून झिरपलेला करंट त्या वाटेनं जमिनीत जातो, तूट दिसते, डबडं पडतं. मधल्या खोलीतल्या जुन्या बोर्डाला बहुधा अर्थिंगच नाही, किंवा आहे ती वायर कुठंतरी तुटलेली आहे. फ्रिजच्या पत्र्यावर आलेल्या करंटला जायला वाट नाही, तो तिथंच तुंबून बसतो. ओल्या हातानं, अनवाणी तुम्ही दार धरता, तेव्हा वाट मिळते. थोडक्यात, त्या क्षणी अर्थिंगची वायर तुम्ही असता. करंट अगदी थोडा असतो तोवर झिणझिण्या, आणि 30 मिलिअँपिअरच्या वर गेला तर तुमच्या अंगातून गेल्यावर ते डबडं पडणार. आता तर तेही बायपास आहे.

त्यामुळे तुम्ही मिक्सर आधी विचारलात तरी मी फ्रिज आधी घेतो.

टेस्टर पेटतो म्हणून फ्रिज बिघडला असं मात्र लगेच धरू नका. टेस्टरमधला निऑन दिवा अगदी नखाएवढ्या करंटवर पेटतो. करंट आहे एवढंच तो सांगतो, किती आहे ते त्याला कळत नाही. हल्लीच्या इन्व्हर्टर फ्रिजमध्ये, इंडक्शनमध्ये, मायक्रोवेव्हमध्ये आत एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर एक फेजला, एक न्यूट्रलला आणि दोन्हींची दुसरी टोकं पत्र्याला जोडलेली असतात. अर्थिंग असेल तर काही कळत नाही. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर 230 च्या निम्मे, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास दाब येतो. करंट फार थोडा असतो, पण ओल्या हाताला जाणवतो आणि टेस्टर तर झकास पेटतो. फ्रिज पूर्ण निरोगी असूनही असं होतं. मोटरच्या वाइंडिंगमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांतून, खरोखर गळती असली तरीही अगदी असंच होतं. टेस्टरच्या उजेडात या दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही.

फरक कळायचा सोपा मार्ग आहे. डबडं जोडून झालं की फ्रिज एक दिवस ओट्याच्या बोर्डावर लावा. सरकवता आला तर उत्तम, नाहीतर तीन वायरींची, तीन पिनांची जाड एक्स्टेन्शन दिवसापुरती वापरा. झिणझिण्या गेल्या आणि डबडं पडलं नाही, तर फ्रिज ठणठणीत, दोष जुन्या बोर्डाचा. डबडं पडलं तर गळती खरी, मग फ्रिजवाल्याला बोलवा. वायरमनकडून दोन तास ठोकाठोक करून घेण्याआधी हे करून पाहा.

जुन्या बोर्डाचं निदान वायरमन करेल, पण तो करत असताना तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि मीटरवरचे तीन आकडे स्वतः वाचा. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास यावेत. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच यावेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट. दुसरा आकडा 60, 90, 110 असा कुठंतरी लटकला तर अर्थिंग तुटलेलं आहे.

आणि तिसरा आकडा बरोब्बर शून्य आला, घरात पंप किंवा इस्त्री चालू असतानाही शून्यच राहिला, तर खूश होऊ नका. बोर्ड उघडून दाखव म्हणा. जुन्या घरांत अर्थिंगची वायर ओढायचा कंटाळा येतो, मग बोर्डाच्या आतच न्यूट्रलच्या स्क्रूवरून वितीचा तुकडा अर्थिंगच्या स्क्रूला मारून देतात. मीटर लावला की सगळे आकडे छान येतात. मग एखाद्या पावसाळ्यात न्यूट्रलचा जोड सुटतो, आणि त्या तुकड्यातून फ्रिजच्या अख्ख्या पत्र्यावर 230 व्होल्ट येतात. मी स्वतः यात एकदा तोंडघशी पडलोय. एका गिऱ्हाइकाच्या मिक्सरचा पत्रा झटका देतो म्हणून मी आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, बदललं, दुकानात तासभर चालवून दाखवला, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी तो माणूस मिक्सर घेऊन पुन्हा दारात. त्याच्या घरी गेलो, बोर्ड उघडला, तर हिरवी वायर नावालाही नव्हती, काळ्या वायरीचा तुकडा दोन स्क्रूंमध्ये मारलेला. आर्मेचरचे पैसे परत केले. तेव्हापासून वस्तू खोलण्याआधी विचारतो, हीच वस्तू दुसऱ्या बोर्डावर लावून पाहिलीत का?

आता मिक्सर. तुम्ही दोन गोष्टी फार नेमक्या लिहिल्या आहेत, बोर्डाचं बटण दाबण्याआधीच लाइट जाते आणि कधी जाते, कधी जात नाही. माझ्या दुकानात येऊन एवढंच सांगितलं असतंत, तरी मी प्लग हातात न घेता म्हणालो असतो की न्यूट्रल पत्र्याला लागलंय. बोर्डाचं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल कायम जोडलेलंच असतं. त्यामुळे प्लग खोचल्याबरोबर मिक्सरच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना भेटतात, आणि घरातल्या बाकीच्या वस्तूंचा परतीचा करंट थोडा न्यूट्रलनं, थोडा अर्थिंगनं जायला लागतो. डबड्याचा हिशोब चुकतो, ते पडतं. घरात पंप, गीझर किंवा इस्त्री चालू असेल तर परतीचा करंट भरपूर असतो, लगेच पडतं. दुपारी एखादा पंखाच चालू असेल तर तूट 30 मिलिअँपिअरपर्यंत पोचत नाही, पडत नाही. तुमचं "कधीतरी" ते हे. आठवून बघा, सकाळी पाणी चढवायच्या वेळेलाच जास्त जात असणार.

दुसरी एक शक्यता आधी पुसून टाका. काही बोर्डांत बटण चुकून न्यूट्रलवर घेतलेलं असतं. मग बटण बंद असूनही फेज सॉकेटमध्ये उभा असतो, आणि मिक्सरमध्ये फेजची बारीक गळती असली तरी बटणाआधीच डबडं पडेल. बोर्डाचं बटण बंद ठेवून वायरमनला सॉकेटच्या दोन्ही खालच्या भोकांत टेस्टर लावायला सांगा. पेटला तर बोर्डाचं वायरिंग उलटं आहे. एवढ्या कामासाठी टेस्टर झकास आहे.

बोर्ड सरळ असेल तर मिक्सरकडे वळा. हे तुम्ही घरी करू शकता, कारण प्लग भिंतीतून काढलेला असणार आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, ओहमवर, म्हणजे विजेला होणारा अडथळा मोजायच्या खुणेवर ठेवा. मिक्सरची कळ शून्यावर. आधी एक टोक प्लगच्या मोठ्या पिनेला आणि दुसरं मिक्सरच्या तळाच्या एखाद्या उघड्या स्क्रूला लावा. तो स्क्रू आतल्या धातूला पोचत असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवेल. मग मोठी पिन आणि लहान पिनांपैकी एक, मग मोठी आणि दुसरी. या दोन्ही वेळा मीटरनं हात वर करायला हवेत, म्हणजे काहीच जोडलेलं नाही अशी खूण यायला हवी. कळ एकवर फिरवून पुन्हा तेच. एखाद्या जोडीला दहा, वीस, पन्नास ओहम असं काही आलं तर चोर सापडला. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दाबच मुळात एखाद-दोन व्होल्टचा, तेवढ्यात 30 मिलिअँपिअर जायचे तर वाट शंभर ओहमच्या आतली लागते, म्हणजे जवळजवळ थेट स्पर्श. फेजची गोष्ट निराळी, तिथं सात-साडेसात हजार ओहमची गळतीसुद्धा डबडं पाडायला पुरते.

हा स्पर्श आला कुठून? भांडं काढून ठेवा आणि मिक्सरच्या माथ्यावरच्या काळ्या कपलरभोवती बॅटरीच्या उजेडात बघा. वाळलेल्या नारळाच्या दुधाची पांढरी कड आणि तिच्याखाली गंजाचा तांबूस ओघळ दिसेल. मी पैज लावायला तयार आहे. आता भांडं उलटं करा आणि खालची चकती बोटानं फिरवा. भिंगरीसारखी फिरायला हवी. जड फिरत असेल, करकरत असेल, किंवा पातं वरखाली हलत असेल तर भांड्याचं बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, गेलंय. खात्री करायची तर भांड्यात दोन वाट्या पाणी घालून ते कोरड्या वर्तमानपत्रावर तासभर ठेवा, कागदावर गोल ओला डाग पडतो.

आता सगळी साखळी जुळते. गेलेल्या बुशमधून वाटणाचं पाणी कपलरवर, तिथून मोटरवर. मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे दोन तुकडे असतात, ते झिजून पडलेली काळी भुकटी मोटरमध्ये असते, तिच्यातून करंट जातो. कोरडी असताना ती कोपऱ्यात पडून राहते. त्यात मिठाचं, आलं-लसणीचं पाणी मुरलं की तिचा लेपासारखा थर बसतो आणि कार्बनच्या खोबणीपासून पत्र्यापर्यंत पूल तयार होतो. उन्हाळ्यात तो वाळून मोकळा व्हायचा. जुलैत चिपळूणला काय वाळणार? आणि जड फिरणाऱ्या पात्यामुळे मोटरवर ताण येतो, ती तापते, लाल बटण बाहेर येतं. ते बटण म्हणजे मोटर जळू नये म्हणून ठेवलेली सोय आहे. ते बाहेर आलं की कळ शून्यावर आणून पाच-दहा मिनिटं मिक्सरला गार होऊ द्या, मग दाबा. त्याला कागद-चिकटपट्टी लावून आत दाबून ठेवलेले मिक्सर मी पाहिलेत, त्यातून नंतर येणारा वास तुम्हाला नको आहे.

तर मिक्सर दुरुस्तीला द्या आणि सांगताना तीन कामं सांगा. भांड्याचं बुश नवीन, मोटर उघडून ब्रशनं आणि हवेच्या झोतानं साफ करून वाळवणं, आणि कार्बनची जोडी झिजली असेल तर ती. बुश बदलल्याशिवाय मोटर साफ करून आणली तर गौरी-गणपतीच्या आत पुन्हा दुकानात जाल. घेताना मेगरवर तपासून दे म्हणा. मेगर 500 व्होल्टचा दाब लावून गळती बघतो, एक मेगाओहमच्या, म्हणजे दहा लाख ओहमच्या वर आकडा यायला हवा. मल्टिमीटर आतल्या छोट्या सेलवर चालतो, त्याला बारीक गळती दिसतेच असं नाही.

ओव्हनची गोष्ट त्या मानानं छोटी आहे. त्याच्या सळयांच्या आत मध्ये तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली असते. ही पूड वीज अडवते, पण हवेतला दमट ओलावा मिठासारखा पिते. रोज तापणारा ओव्हन कोरडा राहतो. आठ महिने खोक्यात पडलेला, त्यातून कोकणात, म्हटल्यावर डबडं पडणारच. सळई तुटलेली नाही हे मीटरवर कळतं. 1200 वॉटचा ओव्हन असेल तर दोन्ही सळया चालू ठेवून, टायमर फिरवून, प्लगच्या दोन लहान पिनांमध्ये 44 ओहमच्या आसपास यायला हवेत. तेवढे आले तर ओव्हन फेकू नका. दुरुस्तीवाला सळया काढून दुसऱ्या चालू ओव्हनमध्ये मंद आचेवर दोन तास भाजून देईल, नानखटाईसारख्याच. भाजूनही मेगरवर आकडा चढला नाही तर नवीन सळई. "डबडं बंद करून एकदा जोरात तापवा, आपोआप वाळेल" असा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. वाळेपर्यंत ओव्हनचा सगळा भार त्या एका अर्थिंगवर, आणि ते खरंच किती चांगलं आहे ते आपण अजून मोजलेलं नाही.

त्याबद्दलही एक. तुमच्याकडे जांभ्याचा कातळ. अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही, आणि मे महिन्यात तो दगड कोरडा ठणठणीत होतो. आत्ता पावसात आकडे चांगले येतील, त्यावर जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये पुन्हा मोजून घ्या, आणि उन्हाळाभर त्या खड्ड्यात आठवड्यातून एक-दोन बादल्या पाणी ओतत जा.

घरात मायक्रोवेव्ह आला, किंवा असेल, तर त्याचं मागचं झाकण तुमच्या यांना उघडू देऊ नका. टेस्टर हातात आला की माणसाला हुरूप येतो. आतल्या कपॅसिटरवर दोन हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते तिथं दडून बसलेले असू शकतात. मी तीस वर्षं हे काम केलं, तरी ते झाकण काढताना दुसऱ्याशी बोलत नसे.

सासूबाईंचं मला कौतुक वाटलं. घरात गळती आहे हे वायरमनच्याही आधी त्यांनी ओळखलं आणि कोरड्या लाकडाची फळी पायाखाली घेतली. फक्त जुलैत पाट कोरडा नसतो, फरशीवरचा ओलावा पिऊन तोही ओला होतो. त्याऐवजी त्यांना रबरी चप्पल द्या, आणि डबडं जोडून झाल्यावर त्यावरचं टी लिहिलेलं बटण त्यांच्याच हातानं एकदा दाबवून घ्या. खटकन पडलं तर डबडं जिवंत आहे. नाही पडलं तर मिक्सरचे पैसे बाजूला ठेवा आणि आधी नवीन डबडं आणा.